न छाटलेली ओळ

४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. परगावच्या मोजणीचं मुख्य काम तीन महिन्यांसाठी तुझ्याकडे आलं, हे तुझ्या दादांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. भाऊजींना एकटं कसं सोडू, म्हणून विचारतेस. अगं, ते काय कुक्कुलं बाळ आहेत? चहा येतो, अंडी उकडता येतात, बाकी शेजारीण बघेल. बावीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे तपासून मान मोडून घेतलीस, आता कुठे तुझी पाळी आली. जा. घर काही पळून जात नाही.

इकडे मळ्यातल्या वेलींचे डोळे फुटलेत. यंदाच्या वाइनचं एक पीप तुझ्या नावानं वेगळं ठेवते.

लोभ आहेच, तो असाच धरून ठेव.
तुझी थोरली जाऊ


१२ जानेवारी

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

हे जाऊन पाच महिने झाले. महिनाअखेरीस चार दिवस तुमच्याकडे यावं म्हणते. गाडी मीच चालवणार. दादा हसतील, हसू द्या. रस्ता नकाशावर तरी मला पाठ आहे.

ह्यांची छाटणीची कात्री आणते. डाव्या हाताची आहे, दादांना चालायची नाही, पण भावाची वस्तू भावाकडे असावी. तुमचा मळा एकदा हिवाळ्यात बघायचा, असं हे दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी राहून जायचं. निदान कात्री तरी येईल.

दोघांचा लोभ आजवर होता तसाच राहावा.
धाकटी


२ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आपल्याकडच्या हिवाळी पावसानं दोन पूल पाण्याखाली होते, त्यामुळे वळसा पडला. वायपर एकाच बाजूचा चालत होता, नशिबानं माझ्या. तुम्ही दिलेली बाटली आणि लोकरीचे मोजे दोन्ही कोरडे आले.

पावसात येऊ नकोस, हा तुमचा निरोप मिळाला तेव्हा मी अर्ध्या वाटेवर होते. आधी मिळता तर आले नसते, आणि एक गोष्ट दिसली नसती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडला म्हणून मी पिपांच्या शेडमागे फिरून आले. सगळा मळा छाटून झालेला, तेवढी एकच ओळ तशीच. तिच्यावर गेल्या हिवाळ्यातले काप अजून दिसतात. उजव्या हाताच्या माणसाच्या उलट बाजूला उतरलेले, डोळ्याच्या वर बरोबर एक बोट सोडून. आमच्या मागच्या दारचा वेल बावीस वर्षं मी असाच छाटलेला बघत आले. रेषा तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, की ह्यांना मळा हिवाळ्यात बघायचा होता. तुम्ही सूप ढवळत राहिलात. दादा म्हणाले, त्याच्या नशिबात नव्हतं. मी तुमच्याच घरी ताटावर बसले होते, म्हणून पुढे बोलले नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत हे नऊ दिवस कचेरीच्या प्रशिक्षणाला म्हणून गेले होते. तेव्हा हे खरंच कुठे होते, तेवढं कळवा.

धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यापुढे खोटं टिकायचं नाही. भाऊजी इथेच होते. तपासणीचा कागद घेऊन आले. डॉक्टरांनी वर्षाच्या आतलीच मुदत दिली होती. नऊ दिवस पावसात उभं राहून त्यांनी ती ओळ छाटली. बोलायचं नसलं की हाताला काम हवं, म्हणाले. निघताना आमच्याकडून वचन घेतलं, की तुला ते स्वतः सांगतील, आम्ही तोंड उघडायचं नाही. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणता म्हणता ऑगस्ट आला.

यंदा त्या ओळीवर तुझ्या दादांचा हात चालला नाही.

तुला फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं गं. तू कोसळशील, एवढीच भीती. उन्हाळ्यात ये. राग इथे येऊन काढ, मी ऐकून घेईन.

माया आटू देऊ नकोस.
थोरली


१५ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंस,
सा. न.

पत्र मिळालं. ह्यांनी लपवलं, ते ह्यांचं आणि माझं. त्यांच्याशी भांडायची आता सोय नाही, ते माझं मी बघेन.

तुमचं वचनही मी समजू शकते. गप्प राहणं मला कळतं, मीही फार बोलणारी नाही. पण तुम्ही नुसत्या गप्प नव्हतात. काल तुमची जुनी पत्रं काढली, त्यात एप्रिलमधलं सापडलं. ह्यांना एकटं सोडू का, असं मी विचारलं होतं. सगळं ठाऊक असताना तुम्ही लिहिलंत, जा. मी गेले. जुलैत परतले तेव्हा दार ह्यांनीच उघडलं, आणि मी चप्पल काढता काढता म्हटलं, किती वाळलात, जेवणाचा आळस केलात वाटतं. हे हसले. पुढे एकोणीस दिवस मिळाले.

ते पत्र सोबत परत पाठवते. घरात ठेववत नाही आणि फाडवतही नाही. अक्षर तुमचं पहिल्यापासून छान.

दादांना सांगा, ती ओळ छाटून टाका. तशीच सोडलेल्या वेलीला द्राक्षं नीट धरत नाहीत, हे मला ह्यांनीच शिकवलं. कात्री तिथेच राहू द्या. उन्हाळ्यात मी येणार नाही.

तुमचा लोभ होता, आणि तो खरा होता, एवढं मी मानते.
धाकटी