दान्सोनमधला थांबा

१ सप्टेंबर, सोमवार. पहाटे ५.
निवृत्तीचा पहिला दिवस. वेराक्रूझच्या बंदरात एकोणचाळीस वर्षं गोदी सांभाळली, एक क्रेन कधी रिकामी उभी राहू दिली नाही. आणि निरोपाला गोदीतल्या पोरांनी दिलं काय, तर घडीची खुर्ची. पाठीवर माझं नाव रंगवलेलं: एवारिस्तो. म्हणजे आता बसा. बसतेय माझी बला. खुर्ची जिन्याखाली टाकली.
कार्यक्रम: ५ ते ६ समुद्राकाठी चालणे. ६ ते ७ व्यायाम. ७ ते ९ घराची फेररचना. ९ ते १ मित्र. दुपारी इटालियन शिकणे. संध्याकाळ ओतिलियासाठी राखीव. बिचारीने इतकी वर्षं माझी वाट पाहिली. आता नवरा पूर्णवेळ तिचा.

२ सप्टेंबर, मंगळवार.
चालणे रद्द, उकाडा. व्यायाम चालण्यावर अवलंबून, म्हणून तोही रद्द. स्वयंपाकघर मात्र गोदीच्या पद्धतीने लावून टाकलं: जड माल खाली, हलका वर. मीठ हलकं, म्हणून सगळ्यात वरच्या फळीवर. दुपारी ओतिलियाने मासा अळणीच वाढला. काही बोलली नाही. खूश असावी.
संध्याकाळी सहाला मी तिच्यासाठी मोकळा होऊन बसलो, तर ती पांढरे कपडे घालून, हातात पंखा घेऊन निघाली. कुठे, विचारलं. चौकात, दान्सोन नाचायला. दर मंगळवार, गुरुवार, शनिवार. केव्हापासून? अकरा वर्षं झाली. मला सांगायला हवं होतंस, म्हणालो. सांगितलं होतं, म्हणाली.

४ सप्टेंबर, गुरुवार.
मित्रांची यादी केली. एक्केचाळीस नंबर. नऊ जणांनी फोन उचलला. त्यांतल्या सहा जणांना वाटलं, बंदरात त्यांचा माल अडकलाय. एकाने विचारलं, कोण एवारिस्तो? लोक कामात असतात. उद्या पुन्हा.
बंदरावर सहज चक्कर टाकली. फाटकावरच्या रखवालदाराने पास मागितला. त्याला नोकरीला मीच लावला होता. नियम पाळतो म्हणून त्याची पाठ थोपटली आणि परत आलो.

६ सप्टेंबर, शनिवार.
चौकात जाऊन आलो. खांबाआड उभा होतो, पण लपून नाही. तिथे वारा बरा होता.
नाचणाऱ्या जोड्या बहुतेक साठीपलीकडच्या. ओतिलियाचा जोडीदार क्रेसेन्सिओ, दातांचा निवृत्त डॉक्टर, विधुर, पायांत दोन रंगांचे बूट. नाच म्हणजे काय, तर लहानशा चौकोनात मोजून पावलं टाकायची. वर दर थोड्या वेळाने सुरुवातीची धून परत आली की सगळे जागच्या जागी थांबतात. चांगलं अर्धं मिनिट नुसते उभे. पुरुष घाम पुसतात, बायका पंख्याने वारा घेतात. भर कामात असा थांबा माझ्या गोदीत कुणी घेतला असता, तर मी त्याची अर्धी पाळी कापली असती.
या थांब्यात तो दातवाला काहीतरी म्हणाला आणि ओतिलिया हसली. मोठ्याने. हे हसणं मी ऐकलेलं आहे, पण फार पूर्वी.
इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो: घाबरलो.
निर्णय: नाच शिकणार, गुपचूप. १८ ऑक्टोबरला लग्नाला अडतीस वर्षं होतात, आणि वार शनिवार. भर चौकात तिच्यापुढे हात करणार. इटालियन तूर्त स्थगित.

११ सप्टेंबर, गुरुवार.
ज्येष्ठांच्या केंद्रात क्लास लावला. शिकवणाऱ्या सेनाइदाबाई चौऱ्याहत्तरच्या, जीभ तिखट. म्हणाल्या, पावलं गाढवालाही येतात, दान्सोन कळतो तो थांब्यात. मी म्हटलं, आधी मुख्य काम उरकू, थांबण्याचं घरी बघून घेईन. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बहुधा असा विद्यार्थी पहिल्यांदाच मिळाला.
जोडीला निकानोरा नावाच्या बाई दिल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांचा गुडघा दुखायला लागला. मग दुसऱ्या गृहस्थाबरोबर त्या तासभर नाचल्या. गुडघ्यांचं काही सांगता येत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
बुद्धिबळ क्लब: गेलो, समोरच्याला त्याच्या चाली सुचवल्या, क्लबने पुढच्या वेळी न येण्याचं सुचवलं. चर्चचा गायनवृंद: मला ओठ हलवायला सांगितलं. दोन्ही बंद. सगळी शक्ती नाचात.
घरी सरावाला जोडीदार हवा, म्हणून जिन्याखालची खुर्ची काढली. हलकी आहे आणि गुडघ्याची तक्रार करत नाही. ओतिलिया बाजारात गेली की खुर्चीला धरून चौकोन काढतो. पावलं आता चोख. थांब्याचा भाग गाळतो, वेळ वाचतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
हल्ली ओतिलियाबरोबर बाजार, ओतिलियाबरोबर बेकरी, ओतिलियाबरोबर तिची बहीण. प्रत्येक ठिकाणी रांगेची नवी पद्धत समजावून सांगतो. आज सकाळी ती माझा हात धरून म्हणाली, "एवारिस्तो, निदान त्या तीन संध्याकाळी तरी माझ्या राहू देत."
मी गालातल्या गालात हसलो. बिचारीला काय माहीत, काय आश्चर्य येऊ घातलंय.
मागे कधीतरी म्हणाली होती, मीठ परत खाली ठेव. राहूनच गेलं. उद्या नक्की.

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४.
पांढरा सदरा इस्त्री केला. बूट दोन रंगांचे घेतले, दातवाल्यापेक्षा जास्त चकचकीत. तयारी शंभर टक्के. आज आमचा संसार नव्याने सुरू.

१९ ऑक्टोबर, रविवार.
नीट क्रमाने लिहितो.
बँड सुरू होताच मी मध्ये गेलो. दातवाला सभ्यपणे बाजूला झाला, वर मान झुकवली. ओतिलिया पांढरीफटक पडली. मला वाटलं, भावनावेग. आम्ही नाचलो. पावलं निर्दोष. मग सुरुवातीची धून परत आली आणि सगळा चौक थांबला.
मी थांबलो नाही. शरीर थांबेचना. तिला दोन पावलं ओढत नेलं, तिने हात सोडवून घेतला. तेव्हा तरी थांबायचं. पण आता थांबलो तर चुकलो असं दिसेल, म्हणून मी पूर्ण थांबाभर एकटाच नाचलो. हवेत हात धरून, खुर्ची धरल्यासारखे. भर चौकात, साठ-सत्तर माणसं स्तब्ध आणि मधोमध मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या कसल्या होत्या, ते मला कळतं.
घरी येताना ती पूर्ण रस्ता माझ्या पुढे चालत राहिली, फाटकाशी थांबली. मग म्हणाली, "अडतीस वर्षं हेच चाललंय. मी बोलायला लागले की तू काहीतरी करायला लागतोस."
मी लगेच फाटकाची कडी दुरुस्त करायला घेतली. ती आत निघून गेली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार.
सेनाइदाबाईंकडे गेलो. म्हटलं, फक्त थांबणं शिकवा. त्यांनी मला भिंतीजवळ उभं केलं आणि स्वतः कॉफी प्यायल्या. चार वेळा विचारलं, आता काय करू? चारही वेळा म्हणाल्या, काही नाही. इतकं दमवणारं काम बंदरात कधी केलं नाही. उभा असताना उगाच डोळे भरून आले. धूळ फार आहे त्या हॉलमध्ये.

८ नोव्हेंबर, शनिवार.
उत्तरेचा वारा सुटलाय, चौकात गर्दी कमी. ओतिलियाला मी विचारलं, आधी विचारलं, एक दान्सोन माझ्याबरोबर? तिने पंखा मिटला. मग म्हणाली, एकच.
नाचलो. धून परत आली. थांबलो. अगदी ठोक्यावर. लांबून सेनाइदाबाईंनी मान डोलावली.
ओतिलियाने पंखा उघडला आणि माझ्याकडे वळली. वाट पाहत होती. पूर्ण अर्धं मिनिट माझं, अडतीस वर्षांत पहिल्यांदा हातात काही काम नाही आणि समोर ती.
"बोल," ती म्हणाली. रागाने नाही.
मी खूप शोधलं. क्रेन, पाळ्या, माल. शेवटी म्हणालो, "मीठ उद्या नक्की खाली ठेवतो."
"ते मी सप्टेंबरातच ठेवलं," ती म्हणाली.
मग धून बदलली आणि आम्ही नाचलो.
पुढचे सगळे नाच तिने क्रेसेन्सिओबरोबर केले. मी खुर्ची नेली होती, ती उघडून बसलो आणि बायकांच्या पिशव्या सांभाळल्या. खुर्ची चांगली आहे, पाठीला आधार देते. दुसऱ्या थांब्यात ओतिलिया हसली. नंतर माझ्या बाजूला एकदा पाहिलं, पिशवीकडे असेल.
जाताना म्हणाली, मंगळवारी हवं तर पुन्हा एक. म्हणून आता बोलण्याच्या विषयांची यादी करायला बसलोय. दोन दिवस आणि थोडे तास हातात आहेत.
१. मीठ (झालं).
२.