बाराशेच्या आत

एनस्खेडे,
जानेवारीची अखेर

प्रिय सुखदेव भाऊजी,

जयभीम. कागद बघून दचकू नका. हल्लीच्या दिवसांत वहिनीने हाताने पत्र लिहिलं म्हणजे कुणीतरी गेलं, असंच आधी मनात येतं. कुणी गेलेलं नाही. तुमचे दादा समोरच्या खुर्चीत बसलेत, घरातल्या घरात अंगात कोट आणि डोक्याला कानटोपी. मीही आहे. फोन करावा तर मला दोन वाक्यांत धाप लागते आणि पलीकडून तुम्ही हॅलो हॅलो करत बसता. लिहायला श्वास लागत नाही. संहिता फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवील. आमच्या लेकीला मराठी ऐकून कळतं, पण बोलता येत नाही आणि माझं अक्षर तर तिला मुळीच वाचता येत नाही, तेव्हा मनातलं सगळं लिहायला मी मोकळी आहे.

आधी तुमच्या रुसव्याबद्दल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुम्ही शुभेच्छा द्यायला फोन केलात आणि दादांनी तुम्हाला झापलं. किती वेळ दिवा जाळतोस, पुस्तक मीट आणि झोप, अक्कल आहे की नाही. निवृत्त हेडमास्तरला, आणि तेही सून शेजारी बसलेली असताना. तुम्ही म्हणालात की आमचं बिल आम्ही भरतो, आणि फोन ठेवलात, तो ठेवलातच. तुम्हाला वाटलं, दादाला परदेशाचा माज आलाय. माझ्याशी कुणी असं बोललं असतं तर मीही फोन आपटला असता, माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे. पण ते तुमच्याशी बोलतच नव्हते, भाऊजी. म्हणजे तुमच्याशीच बोलत होते, पण आजच्या तुमच्याशी नाही. नीट क्रमाने सांगते.

तुम्ही आला होतात त्या उन्हाळ्यात आपल्या जेवणाच्या टेबलावर भरणारा वर्ग तुम्ही पाहिलाय. विद्यापीठात शिकायला आलेली पोरं विजेची, गॅसची बिलं घेऊन यायची. डच भाषेतलं बिल, पोरांचे चेहरे पडलेले. हे चष्मा कपाळावर सरकवून समजावत बसायचे. दोन गोष्टी वेगळ्या ठेव म्हणायचे. एक, तू वापरलंस त्याचे पैसे. दुसरं, तुझ्या घराला जोडणी आहे त्याचे पैसे. दुसरे रोज लागतात, दिवा लावलास तरी आणि नाही लावलास तरी. एक नाशिकचा पोरगा फार भांडला होता. म्हणे, काका, आम्ही मेन स्विच पाडून दीड महिना घरी गेलो होतो, एक बल्ब पेटला नाही, मग बिल कशाचं? हे म्हणाले, अरे, तारा आणि नळ तुझ्या दारापर्यंत आणून सांभाळायला माणसं लागतात, ती काय तुझ्याबरोबर नाशिकला गेली होती? आणि मग त्याला हेही सांगितलं की थंडीत सगळं बंद करून जाऊ नकोस बाबा, नळ गोठून फुटतील. चहा, पोहे माझ्याकडे. पोरं यांना बिलवाले काका म्हणायची. मी चिडवायचे की आयुष्यभर प्रयोगशाळेत यंत्रं बनवलीत आणि नाव झालं ते बिलात.

मग युद्धामुळे गॅसचे भाव भडकले ते वर्ष आलं. लोक रडकुंडीला आले होते. सरकारने एका वर्षापुरती दराला मर्यादा घातली, गॅसच्या पहिल्या बाराशे घनमीटरपर्यंत ठरावीक भावाच्या वर आकारायचं नाही. लोकांचा समज झाला की बाराशेपेक्षा जास्त वापरायलाच बंदी आहे. हे घसा फोडून सांगायचे, मर्यादा दरावर आहे, वापरावर नाही. बाराशे ओलांडले म्हणून कुणी गॅस तोडत नाही, पुढच्या युनिटांना फक्त तुमच्या करारातला दर लागतो, आधीचे युनिट महाग होत नाहीत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. ते वर्ष संपलं, मर्यादा उठली, आम्हीही विसरलो.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते. घर गार पडलेलं. बघते तर यांनी हीटिंग पार खाली आणून ठेवलेलं. विचारलं तर म्हणाले, बाराशेच्या आत राहायला हवं, नाहीतर तो येऊन बंद करील. मला हसूच आलं. वाटलं थट्टा करतात, लोकांच्या चुकीची नक्कल करतात. कोण तो, म्हणून विचारलं तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच खुळी. म्हणाले, तो. आणि गेले कोट शोधायला.

मी भांडले हो. वर्षभर भांडले. म्हातारपणी चिंगूसपणा चढतो काहींना, तसं वाटलं. माझी फुफ्फुसं तेव्हाच आखडायला लागली होती, गारठ्यात खोकून खोकून बरगड्या दुखायच्या, आणि हा माणूस रेडिएटर बंद करत फिरतोय. काय काय बोलले असेन, लिहीत नाही. मग एकदा आमच्या डॉक्टरांनी यांना साधंच काहीतरी विचारलं आणि हे मराठीत उत्तर देऊ लागले. डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी यांच्याकडे. चाळीस वर्षं ज्या भाषेत नोकरी केली ती भाषा चालली होती. नंतर इंग्रजीही गेली. तपासण्या झाल्या, नाव मिळालं, स्मृतिभ्रंश. आता संहिता दर शनिवारी ॲमस्टरडॅमहून येते, बापाशी डचमध्ये बोलते, बाप मराठीत काहीतरी बोलतो, आणि मी नळी नाकात घालून मधे दुभाषी. लहानपणी तिने मराठीत उत्तर द्यावं म्हणून हेच तिच्यामागे लागायचे. परवा ती दाराबाहेर जाऊन रडून आली, मला दिसलं.

नळीचं निघालंच आहे, तर तेही आता सांगून टाकते. गेल्या पावसाळ्यापासून मला ऑक्सिजन लागतो. घरात एक यंत्र आहे, छोट्या कपाटाएवढं, हवेतून ऑक्सिजन काढून देतं. विजेवर चालतं. त्याच्या विजेचे पैसे इथली विमा कंपनी परत देते, म्हणजे बिलाचा प्रश्नच नाही. हे मी यांना समजावलं, संहिताने समजावलं, ते शहाण्यासारखी मान हलवायचे.

पण हात ऐकत नव्हते. आधी दिवे. मग दाराजवळच्या मीटरच्या कपाटात जाऊन मेन स्विच पाडायला लागले. संहिताने कपाटाला कुलूप लावलं. तर यांनी प्लग उपटायला सुरुवात केली. आपल्याकडची सवय तुम्हाला माहीत आहे, खोलीतून निघताना भिंतीवरचं एकेक बटण बंद करत निघायचं. इथे सॉकेटला बटणं नसतात, मग सरळ प्लगच ओढायचा. फ्रिज झाला, वॉशिंग मशीन झालं. नासलेलं दूध फेकताना मी अजून त्यात विनोद शोधत होते.

या महिन्याच्या सुरुवातीला दुपारची मी पडले होते. बाहेर बर्फ. यंत्राची भोंग्यासारखी शिट्टी ऐकून डोळे उघडले, वीज गेली की ते तसं ओरडतं. वीज गेली नव्हती. हे पलंगाशेजारी उभे, प्लग हातात. मी हात पुढे केला, द्या म्हणायला तोंडातून शब्द फुटेना. बाजूला भरलेला सिलिंडर होता, त्याचा नळ फिरवायला बोटांत जोर नाही. आणि हे घाबरले नव्हते, भाऊजी. रागावले नव्हते. माझ्या कपाळावरून हात फिरवत होते. एक वाक्य बोलले, तेही सांगते, जरा थांबा. घरी येणारी नर्स नेमकी त्याच वेळी दारात आली म्हणून मी आज हे लिहितेय. तिने प्लग लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली. माझे ओठ निळे पडले होते, म्हणाली.

दवाखान्यातून आल्यावर यांच्या आजाराचं काम बघणाऱ्या बाईंनी मला आणि संहिताला बसवून सांगितलं. आता एका घरात माझं यंत्र आणि यांचे हात, दोन्ही राहू शकत नाहीत. मी खूप वाद घातला. प्लगला पेटी बसवू म्हटलं, कुणीतरी दिवसभर ठेवू म्हटलं. त्या एकेक लिहून घेत होत्या. शेवटी मलाच कळलं की मी स्वतःशीच भांडतेय. येत्या गुरुवारी यांना शुश्रूषागृहात नेणार आहेत. कागदांवर सही मी केली. पन्नास वर्षं होतील मेमध्ये आमच्या लग्नाला. ते गेल्यावर घर मस्त गरम राहील, सगळे दिवे लागतील, आणि मला त्या घरात बसवणार नाही.

आता ते वाक्य. प्लग हातात धरून, कपाळावर हात फिरवत ते म्हणाले, "सरला, जरा सोस. सुखदेवचा गणिताचा पेपर होऊ दे." मी तिथे पडल्या पडल्या समजले की तो म्हणजे कोण. इंदोरा वस्तीतल्या तुमच्या जुन्या भाड्याच्या खोलीचा घरमालक. बल्बामागे ठरलेले पैसे घ्यायचा, लावा नाहीतर नका लावू, आणि वर स्वतःचा मीटर बसवून मर्यादा घातलेली. ती ओलांडली की फ्यूज काढून खिशात टाकायचा, मग पुढच्या महिन्यापर्यंत अंधार. तुमच्या दहावीच्या वेळी त्याने फ्यूज नेला, तुमचं गणित राहिलं, हे तुमच्या आईंनी मला शंभरदा सांगितलंय, दर वेळी त्याला शिव्या घालत. पण मर्यादा संपली कशी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते मला दवाखान्यातून आल्यावर यांच्या बडबडीतून कळलं. तेव्हा यांना पॉलिटेक्निकच्या ड्रॉइंगच्या शीट पुऱ्या करायच्या होत्या. तुम्ही झोपलात की हे दिवा लावून शीट काढायचे. तुमच्या वाटचा उजेड यांनी संपवला, आणि तुम्हाला ते कधी सांगितलं नाही. मलाही नाही. आता सगळं विसरले, माझं नाव अधूनमधून विसरतात, पण हे गेलं नाही. रोज तुमच्यासाठी उजेड साठवतायत. फोनवर झापलं तेही त्या दहावीतल्या सुखदेवला, पेपरापर्यंत उजेड पुरावा म्हणून. त्या दिवशी माझा श्वास त्यात घातला.

म्हणून हे पत्र, भाऊजी. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, रडायचं असेल तर आधी रडून घ्या, आणि मग रविवारी दुपारी फोन करा. जेवणानंतर ते जरा ताळ्यावर असतात, फोन मी त्यांच्या कानाशी धरीन. तब्येत कशी विचारू नका, मला ओळखलंस का विचारू नका. एवढंच म्हणा, "दादा, निकाल लागला. गणित सुटलं. मी पास झालो, आता दिवा असू दे." खोटं नाही ते, तुम्ही पास झालातच. पास झालात ते दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरच्या परीक्षेत, हे मात्र काढू नका. एका फोनने त्यांचं जाणं टळणार नाही, तेवढं मला कळतं. पण गुरुवारी या घरातून निघताना त्यांनी मागे वळून दिवा घालवू नये, एवढंच मला हवंय.

वाट बघते.

तुमचीच,
सरलावहिनी