जिन्याखालचा व्हॉल्व्ह

रविवार, दुपार

प्रिय भाऊराया,

घर गरम झालं. ही बातमी आधीच देऊन टाकते, कारण तुला आमची फार काळजी लागून राहिली असणार. गेल्या मंगळवारी वरच्या तिन्ही खोल्यांतले रेडिएटर तापले, आईने अंगावरचे दोन स्वेटर उतरवले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. आनंदाने नाही, संतापाने. का ते सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने, सावकाश. फोनवर सांगायला गेले असते तर तिसऱ्या वाक्याला तू "ताई, मीटिंगमध्ये आहे गं" म्हणाला असतास. म्हणून कागद घेतला.

पाच आठवडे, भाऊराया. तळघरातला बॉयलर सुरू, त्याच्या जवळचे पाइप चटका बसेल इतके तापलेले, आणि वर आईच्या खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघायची. मी माझं बिऱ्हाड गुंडाळून तिच्याकडे राहायला आले आणि दुरुस्तीवाला शोधायच्या मागे लागले. पहिला आला तो मोठ्या कंपनीचा. त्याने हातमोजेसुद्धा काढले नाहीत. टॅबलेटवर चार फोटो काढले आणि सगळं उपटून नवीन बसवा म्हणाला. दुसऱ्याने फोनवर घराचं वय विचारलं आणि ते ऐकल्यावर पुढचं काही विचारलंच नाही. तिसरा तू पाठवलेला. तो बॉयलरसमोर हात बांधून असा उभा राहिला की मला वाटलं आता हा दोन मिनिटं मौन पाळणार. मग आईकडे वळून म्हणाला, "आजी, या वयात कशाला या घराची दगदग?" वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक तेवढं त्याच्या खिशात नव्हतं. ते तू आधीच आणून आईच्या उशाशी ठेवलं होतंस.

पण मीही बाबांचीच मुलगी. मी विचार केला, या भागात आपल्यासारखी जुनी घरं कमी नाहीत, त्यातल्या कोणाचं तरी नीट चाललंच असेल की! आणि ते बाहेरून ओळखायचं कसं, तर मांजरांवरून. जुन्या घरात रेडिएटर खिडकीखाली असतात. ज्या खिडकीत मांजर पोट वर करून पसरलेलं दिसेल, त्या घराची घंटा वाजवायची. हसू नकोस. पहिल्या घरातल्या बाईंनी मला मांजर चोरायला आलेली समजून हाकललं. दुसऱ्या घरी कोणी नव्हतं. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी मला आत बसवलं, चहा पाजला आणि एक नंबर दिला. म्हणाले, जाहिरात नाही, पाटी नाही, पण हात चांगला आहे.

तो नंबर एका बाईंचा निघाला. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र फाटका. नवऱ्याबरोबर हे काम शिकल्या, तो गेल्यावर एकट्या करतात. आल्या आल्या बॉयलरकडे गेल्याच नाहीत. पिशवी दारात ठेवली, सरळ वर गेल्या आणि प्रत्येक खोलीतल्या पाइपवर तळहात ठेवत, डोळे मिटून, एकेक पायरी करत खाली आल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी थांबल्या. "तुमचं मशीन काही मेलेलं नाही हो," म्हणाल्या, "कोणीतरी वाट अडवलीय. इथे भिंतीत काय आहे?"

इथे काय आहे ते जगात तीनच माणसांना ठाऊक आहे. चपलांचं कपाट सरकवलं की मागे फळी, आणि फळीच्या आत तो पितळी व्हॉल्व्ह. बॉयलरमधून वरच्या रेडिएटरांना जाणारं सगळं गरम पाणी त्याच्यातूनच जातं. बाबांनी स्वतः बसवला आणि उलटा बसवला. गणिताचे मास्तर, सगळ्या शाळेच्या चुका लाल शाईने काढणारे, ते ही चूक कोणाला सांगतात कशाला! उजवीकडे उघडतो असं बाण दाखवतो, आणि आपल्या घरात उजवीकडे फिरवला की तो बंद होतो. आपल्या दोघांना समोर बसवून बाबांनी शपथ घातली होती, बाहेर बोलायचं नाही म्हणून. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास आणि एवढं मोठं गुपित पोटात मावेना म्हणून आठवडाभर माझ्याच मागे मागे फिरत होतास. किती गोड होतास रे तू.

मी कपाट सरकवलं. फळी दिसली आणि मी वाकून पुन्हा नीट पाहिलं. बाबा गेल्यापासून सात वर्षं ती फळी दोनच स्क्रूंवर लटकत होती. आईला असल्या कामाचा कंटाळा, तिने उरलेले दोन केव्हाच हरवून टाकले. आता तिथे चार स्क्रू होते. दोन जुने, दोन नवेकोरे. आणि चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, सरळ, एका रेषेत. आठवतंय ना? खाच जरा तिरकी राहिली तर बाबा पुन्हा काढून लावायला सांगायचे. ती सवय या घरात दोघांच्याच हाताला लागली. त्यातली मी त्या फळीच्या वाटेला गेलेच नव्हते. आणि तू मात्र थंडीच्या सुरुवातीला दोन दिवस येऊन राहिला होतास. "ताई, घराचं मी बघतो, तू जरा आराम कर." किती बरं वाटलं होतं मला! तू गेलास आणि त्याच रात्री वरच्या खोल्या गार पडल्या.

बाईंनी फळी काढली, बाण पाहिला आणि म्हणाल्या, हा तर पूर्ण उघडा आहे. पंचवीस वर्षं काम केलेली बाई फसली, म्हणजे तुझी अक्कल मानली पाहिजे. मी म्हटलं, डावीकडे फिरवा. त्यांनी पिशवी जवळ ओढली. मोठा पाना लावून, दोन्ही हातांनी, अख्ख्या अंगाचा भार टाकला तेव्हा तो हलला. पितळेवर आधीच्या पान्याचे दात उमटलेले होते, ताजे, चकाकणारे. मग भिंतीतून पाणी वर चढायला लागलं आणि आई वरून ओरडली, "अगं, आलं! गरम आलं!"

आता खरं सांगू? तू नुसतं घर गार केलं असतंस तर मी तुला चार शिव्या घालून गप्प बसले असते. घर विकायचंय हे तू दोन वर्षं उघड बोलतच होतास. पण दर रविवारी फोन करून तू आईला काय विचारत होतास? "आई, तूच काहीतरी फिरवलं असशील. आठवून बघ." इतक्या मायेने, इतक्या हळू आवाजात. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी पहिल्यांदा कानांनी ऐकलं, आणि स्पीकरवर लावलेल्या फोनशेजारी मूर्खासारखी बसून भाजी निवडत होते. पाच रविवार ती आठवत राहिली. मग तिने शेगडीवर चिठ्ठी लावली, "बंद केली का?" दारावर दुसरी. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ती जन्मभर पेनाने सोडवत आली, ते पेन्सिलीने सोडवायला लागली. नंतर तेही सोडलं. एका सकाळी मला म्हणाली, "मला ठेवा बाई कुठेतरी, माझ्या हातून घर पेटायचं एखाद्या दिवशी." ऐंशी वर्षांची आई, रे. तिच्याकडे शाबूत असं काय उरलं होतं? डोकंच ना? नेमकं त्यालाच तू हात घातलास. हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

बुधवारी मी तिला सगळं सांगितलं. फळी दाखवली, खाचा दाखवल्या, पान्याचे दात दाखवले. मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल, आपण वेड्या नाही म्हणून. ती पायरीवर बसली. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "सोन्यानं नाही काही केलं. मीच फिरवला तो. आता आठवलं मला." मी स्वयंपाकघरातून जॅमची बाटली आणून तिच्यापुढे आपटली. म्हटलं, ही उघडून दाखव. संधिवाताने वाकलेली तिची बोटं त्या झाकणावरून नुसती घसरत राहिली. बाटली बाजूला ठेवून म्हणाली, "तेव्हा जमलं होतं." मी ओरडले तिच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. ती शांतपणे म्हणाली, तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनाही मी हेच सांगणार आहे. स्वतः वेडी ठरायला तिची तयारी आहे, पण तू वाईट ठरलेला तिला चालत नाही. माझ्यासाठी तिने हे केलं असतं का, हा विचार आला मनात. आला तसा गिळून टाकला.

तर आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. आधी मी नातेवाइकांची यादी केली होती. मामा, दोन्ही आत्या, तुझे सासरे. एकेकाला फोन करून तुझी अब्रू वेशीवर टांगणार होते. मग यादी फाडली, कारण त्याहून कडक शिक्षा आईनेच तयार करून ठेवलीय. येत्या गुरुवारी तिच्या स्मरणशक्तीची तपासणी आहे. वेळ तूच घेतली आहेस, अकराची. मी जाणार नाही. तू तिला ने. सोन्या न्यायला येतोय म्हटल्यापासून ती हरखून गेलीय, नवीन शाल काढून ठेवलीय, तू जेवून जाशील का म्हणून तीनदा विचारून झालं. डॉक्टरांसमोर तिच्या शेजारच्या खुर्चीत बस. डॉक्टर विचारतील आणि ती सांगेल, हो, मी विसरते, घरातलं सगळं मीच बिघडवलं. ते सांगताना ती डॉक्टरांकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेल आणि थोडं हसेल, तू लहानपणी काही फोडलंस की बाबांसमोर हसायची तशी. तिथे तोंड उघडलंस तर तिला तिचं डोकं परत मिळेल आणि तिचा सोन्या जाईल. मूग गिळून बसलास तर कागदावर ती वेडी ठरेल. ते पुसायला मी दहा डॉक्टर पालथे घालीन, तिला या घरातून हलू देणार नाही, ती काळजी तू करू नकोस. पण तिचं ते हसू तुला एकट्याला बघायचंय, अगदी जवळून. साडेदहाला ती दारात उभी असेल. उशीर करू नकोस, तिला थंडीत फार वेळ उभं राहवत नाही.

तुझीच,
ताई