ताईची पानं डब्यात अडकली

७ ऑक्टो., मंगळ.
दुपारी वारा सुटला आणि लाइट गेली. भपकन् आली, परत गेली, तासाभराने नीट आली. फ्रीज चालू, पंखे चालू. माझा डबा मात्र ठप्प. बारा वर्षांचा कॉम्प्युटर, कधी एवढा हट्ट केला नव्हता. बटण दाबतो, काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही.
खांबावरच्या लाइनमनला गाठलं. "ट्रान्सफॉर्मर पोयिंदि सार," म्हणाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला होता. "आणि माझा कॉम्प्युटर?" तर हात जोडले त्याने.
ताईच्या आठवणींची ११२ पानं आत आहेत.

८ ऑक्टो., बुध.
वायर बदलली. स्वैपाकघरातल्या प्लगला लावून पाहिला. वसु म्हणाली, "अहो, मिक्सर लावायचाय मला." मिक्सर चालला. म्हणजे प्लग ठीक आहे.
आदितीला पुण्याला फोन. पोरगी ह्याच धंद्यात. पहिला प्रश्न, "बाबा, कॉपी काढलीयेस ना?" नाही म्हणालो. "तीन वर्षं सांगतेय तुला." सांगतेय खरी. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही.
छापलेली पानं? दर रविवारी एक पान छापून ताईला नेऊन देतो. ती त्यात बडीशेपेच्या पुड्या बांधते. आयुष्यभर मुलांच्या जुन्या वह्यांच्या पुड्या केल्या, हात ऐकत नाही.

९ ऑक्टो., गुरु.
आदितीने सांगितल्याप्रमाणे झाकण उघडलं. आत धुळीची गादी. ब्रशने काढली. मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने पुसले. छत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, खोडरबर घरात उत्तमच असतो. पट्टी परत खटकन् बसली.
बटण. काही नाही.
इलेक्ट्रिसिटीवाल्यांना तक्रारीच्या अर्जाचा मसुदा केला. वसु वाचून म्हणाली, "निम्मे शब्द काढा, नाहीतर तुमच्यावरच केस होईल."

११ ऑक्टो., शनि.
हार मानून डबा रिक्षात मांडीवर घेतला आणि रिपेअरवाल्याकडे गेलो. भला माणूस, पण घाईत. त्याच्याजवळचा पॉवर सप्लाय लावला, बटण दाबलं, मान हलवली. "बोर्ड गया साब. इतना पुराना बोर्ड अब कहाँ मिलता? नया सेट लेलेव."
"और अंदर का डाटा?"
"डिस्क निकाल के देखता मैं. गारंटी नक्को पूछो. झटका खाई है ना."
छोडके जाओ म्हणाला. नाही सोडला. ताईची पानं परक्या टेबलावर ठेवून यायला जीव धजेना. परत मांडीवर. रिक्षावाला म्हणे, "क्या साब, घुमाने लेके निकले क्या?"

१२ ऑक्टो., रवि.
विद्यानगरला ताईकडे. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने गेलो.
ताई खिडकीशी तयार बसलेली, चष्मा पुसून. सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तीन वर्षांपूर्वी सांगायला लागली तेव्हा बाकासकट मुलं आठवायची. तिने सांगायचं, मी घरी येऊन टाइप करायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करू म्हटलं की गप्प होते. उन्हाळ्यापासून सांगणं जवळजवळ थांबलंय. आता मी वाचतो, ती ऐकते. ऐकताना जाग्यावर येते, तेवढा अर्धा तास.
"पान?"
"नाही आणलं आज. कॉम्प्युटर बिघडलाय."
"बरं." मग थोड्या वेळाने परत, "पान?" असं पाच वेळा. सहाव्यांदा विचारलंच नाही, भिंतीकडे बघत बसली. ते पाच वेळांपेक्षा वाईट होतं.
येताना बसमध्ये रडू आलं. ६४ वर्षांचा घोडा. डबा चालू झालाच पाहिजे.

१३ ऑक्टो., सोम.
आतल्या गोल सेलवर संशय. नवा आणून घातला. काही नाही.
अर्ज पाठवलाच. वसुला न दाखवता.

१५ ऑक्टो., बुध.
आदिती व्हिडिओवर. "बाबा, बटणाचा नाद सोड. बटणाची वायर बोर्डावर जिथे येते तिथे दोन पिना आहेत. वायर काढ आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्हींना एकदम टेकव. क्षणभरच."
 टेकवलं.
पंखा फिरला!! दिवा लागला. वसु हातातली कणीक तशीच घेऊन धावत आली. पडद्यावर सगळं जागच्या जागी. "ताई" नावाची फाइल. ११२ पानं. शेवटपर्यंत खाली जाऊन पाहिलं, दोनदा.
म्हणजे बोर्ड ठणठणीत. बटणच खराब. समोरची पट्टी काढली. बटणाच्या कडेने लाल थर सुकलेला, आणि मागे, बरोबर मधोमध, तांदळाचा दाणा. अक्षता.
खंडेनवमीला मीच पूजा केली. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपासपेटी, शेवटी डबा. कुंकू ओलं कालवून बटणावरच टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या. वसु तेव्हा म्हणाली होती, "पूजेपुरता तरी बंद करा त्याला." मी कधी बंद करत नाही, नुसता झोपवतो, माउस हलवला की उठतो. त्यामुळे पूजेपासून बटणाला हात लावायची वेळच आली नाही, लाइट जाईपर्यंत.
वसु हसून हसून खाली बसली. "आणि आठ दिवस शिव्या खाल्ल्या लाइटवाल्यांनी!"
अर्ज गेलाय तो गेलाच. माफीचा लिहावा का?

१६ ऑक्टो., गुरु.
कॉपी काढल्या. एक पेनड्राइव्हवर, एक आदितीला, एक वसुच्या मोबाइलमध्ये. सगळी पानं कागदावरही छापली. तो गठ्ठा पुड्यांच्या हाताला लागू द्यायचा नाही.

१९ ऑक्टो., रवि.
पान घेऊन गेलो. ताईने ह्या वेळी मागितलं नाही. तरी वाचायला लागलो. यमुनेचं पान. फराळ आणायची, डबा उघडायची नाही, घरी धाकट्यांना परत न्यायची. ताईने एकदा तिला जवळ बसवून स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं. "तिसऱ्या बाकावरची यमुना" असं वाचलं.
"दुसऱ्या."
मी मान वर केली.
"दुसऱ्या बाकावर. खिडकीकडून." आवाज खणखणीत, वर्गातला.
मला इतका आनंद झाला की तिचा हात धरला. तिने माझ्याकडे नीट बघितलं, हात हळूच सोडवून घेतला.
"तुम्ही नवीन मास्तर का?"
 हो म्हटलं.
"चांगलं वाचता. वेळेवर येत जा."
घरी येऊन फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी तिने तिसरा सांगितला होता, मला पक्कं आठवतंय. कुठली ताई खरी धरू? वसु म्हणते, मास्तरांनी बाईंचं ऐकावं.
तिसरा खोडलेला नाही अजून. यमुनेच्या पानानंतर एक कोरं पान घातलंय. पुढच्या रविवारी वही घेऊन जाईन. वेळेवर.