सिस्टरच्या गाडीतले उंदीर

परभणी,
रविवार, दुपार

आदरणीय सूर्यभानमामा यांना सिद्धोधनचा जयभीम.

(तुम्ही आमच्या लेकीचे, मनिषाचे मामा, म्हणून माझेही मामाच. धम्मशीलाचे थोरले भाऊ म्हणून तुम्हाला नावाने हाक मारायचा धीर मला लग्नात झाला नाही आणि नंतरही झाला नाही.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मागे फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही "हं" म्हणालात. मीही "हं" म्हणालो. मग आपण दोघंही बराच वेळ फोन कानाला धरून बसलो आणि तो शेवटी कोणी बंद केला ते मला कळलं नाही. आपल्या दोघांचं फोनवर काही जमत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. त्यांना आता तुम्ही स्पष्ट दिसत असाल. (त्यावर त्यांचं काय म्हणणं आहे, तेही कळवावं.) माझी तब्येत बरी आहे. साखर आहे, पण ताब्यात आहे.

लिहिण्याचं कारण म्हणजे आपली पांढरी मारुती. कालकथित धम्मशीला गेल्यापासून ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता मनिषाची बदली नांदेडहून परभणीच्या शाखेत झाली आहे. ती मुलाला घेऊन इथेच राहायला येणार आहे आणि शेडच्या जागी तिला खोली बांधायची आहे. मिस्त्री ठरला, वाळू आली, आणि गाडीसाठी तिने एक भंगारवालाही पाहून ठेवला. मी काही बोललो नाही. (मी बोलत नाही, अशी तुमच्या बहिणीची कायमची तक्रार होती.) पण त्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं की, ती चालू झाली तर? मनिषा म्हणाली की, महिनाअखेरपर्यंत गाडी कुणी न ढकलता, स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली तर राहील, नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल. मुलीचा स्वभाव आईवर गेला आहे. त्यामुळे घासाघीस करण्यात अर्थ नव्हता.

मला गाडी का ठेवायची होती, हे मनिषाने विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. मला तर ती चालवताही येत नाही. तुम्ही एस.टी.त ड्रायव्हर होतात तेव्हा रजेच्या दिवशी येऊन तुम्ही धम्मशीलाला मैदानावर शिकवलंत. मलाही शिकवायला घेतलं होतं, पण क्लच सोडायची वेळ आली की मी डोळे मिटतो, हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही मला अगदी शांतपणे म्हणालात, "दाजी, तुम्ही शेजारी बसत जा." तेव्हापासून मी शेजारी बसलो. तिच्या दवाखान्यातल्या नर्सच्या ड्युट्या, गावोगावच्या भेटी, रविवारी संध्याकाळी मला नोकरीच्या गावी, येलदरीच्या क्वार्टरवर सोडायला येणं, सगळं ती चालवत आणि मी डबा मांडीवर घेऊन. सुरुवातीला लोक हसायचे. जिंतूरच्या स्टँडवर एक जण बायकोला म्हणाला होता की, बघ, नवऱ्याला शाळेत सोडायलीय. धम्मशीलाने गाडी थांबवून त्याला सांगितलं, हो, आणि याचा गृहपाठही मीच घेते. येलदरीच्या धरणावर पोचलो की ती गाडीतून उतरायची नाही. काच खाली करून पाण्याकडे बघत बसायची आणि मी शेंगा सोलून द्यायचो. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण मला ते आठवतं.

तर शेड उघडलं. साक्षीला शेजारच्या सरजाबाई होत्या. (त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना कधीच बोलवावं लागत नाही.) मी जन्मभर पाटबंधारे खात्याचं भांडार सांभाळलं, सिमेंट, तार, ग्रीस, कशालाही माझ्या हाताखाली उंदीर लागला नाही. गाडीवरही मी कापड घातलं होतं, चाकांखाली विटा लावल्या होत्या, आत डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्या गोळ्या शेडच्या दाराशी एका ओळीत पडलेल्या मिळाल्या. उंदरांनी त्या बाहेर काढून ठेवल्या होत्या, अगदी आपण पायताणं काढून ठेवतो तशा. आतला सीटचा स्पंज गेला होता, छताचं कापड लोंबत होतं, बॉनेटखालच्या वायरींचं तांबं तेवढं उरलं होतं. आणि मागे डिकीत तुमच्या ज्वारीचं पोतं.

त्या पोत्याबद्दल मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे. धम्मशीला शेवटची तुमच्याकडे राणीसावरगावला आली होती, तेव्हा तुम्ही दरवर्षीसारखं पोतं गाडीत टाकलं होतं. ते काढायचं राहिलं. नंतर ती दवाखान्यात होती, आणि त्यानंतर ते माझ्याने काढवलं नाही. भांडारात धान्य आणि वायर एका खोलीत ठेवणाऱ्याला मी नोटीस दिली असती. इथे मी दोन्ही एका गाडीत ठेवून वर कुलूप लावलं. पोत्यात आता नुसता भुसा आणि सुतळी आहे. उंदरांची तब्येत पाहता ज्वारी चांगली होती.

सरजाबाईंनी पुढचा कप्पा उघडला आणि लगेच हळू लावला. म्हणाल्या, "भाऊ, आवाज करू नका. बाळंतीण हाय."

आत उंदरीण होती, आणि बोटाच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली पिलं. घर केलं होतं स्पंजाचं आणि धम्मशीलाच्या निळ्या स्कार्फचं, तो ती ड्युटीवर जाताना डोक्याला बांधायची. मी कप्पा पुन्हा लावला. आता अडचण अशी की मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. पहिलंच शील प्राण्याला न मारण्याचं, त्यामुळे विष नको, चिकटपट्टीही नको. विहारात भंतेजींना विचारलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले की, पिलं चालती होऊ द्या, मग पिंजरा लावून लांब सोडा. म्हणजे महिनाअखेरची मुदत माझी आणि बाळंतपण त्यांचं. मनिषाला फोनवर सांगितलं की काम सुरू आहे. (ते खरंच होतं. सरजाबाई रोज येऊन पिलांची वाढ बघून जात होत्या.)

पिंजऱ्यात पहिल्या दिवशी मी भजं लावलं. उंदीर फिरकले नाहीत. राणीसावरगावच्या ज्वारीवर वाढलेल्यांना भजं कसं चालंल, असं सरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरीचा तुकडा लावला. हळूहळू सगळं कुटुंब आत आलं. जवळपास सोडले तर परत येतील म्हणून मी पिंजरा फडक्यात गुंडाळून पिंगळीच्या रेल्वेगाडीत बसलो. समोरच्या बाईंनी विचारलं, पोपट हाय का? मी काही बोललो नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि खरं बोललो असतो तर डबा रिकामा झाला असता. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा घेतला आणि पिंगळी येईपर्यंत फडक्यापाशी तोंड नेऊन मिठू मिठू करत राहिल्या. आतून चिरका आवाज आला तेव्हा म्हणाल्या की, आजारी दिसतोय, हिरवी मिरची देत जा.

पिंगळीला रुळाच्या पलीकडे एक बांध बघून मी फडकं काढलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय करायलाव साहेब?" ते शेताचे मालक आबासाहेब निघाले. उंचेपुरे, हातात विळा. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "परभणीचे उंदरं आमच्या रानात सोडायलाव व्हय? आमच्याकडं काय कमी हायेत?" मी झालं ते सगळं सांगितलं. (मामा, मी सलग एवढं आधी कधी बोललो होतो, ते आठवत नाही.) पांढऱ्या मारुतीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी विळा खाली घेतला.

"पांढरी मारुती? दवाखान्यातल्या सिस्टरची?"

मी हो म्हणालो. त्यांची सून एकदा बाळंतपणात अडली होती, तेव्हा धम्मशीलानेच तिला गाडीत घालून नेलं होतं म्हणे. मला तर ते माहीतही नव्हतं. ती घरी येऊन असलं काही सांगायची नाही. आबासाहेब पिंजऱ्यापाशी वाकले आणि म्हणाले, "सिस्टरच्या गाडीतले हायेत न्हाई का? मग सोडा." वर चहा पाजला आणि त्यांच्या ट्रॅक्टरचा मेकॅनिक भुजंग याला माझ्याबरोबर लावून दिलं.

भुजंग माणूस लय बोलका. ('लय' मुद्दाम लिहिलं. 'फार' लिहून त्याची कल्पना येत नाही.) हात जन्मभर ट्रॅक्टरवर बसलेला, त्यामुळे मारुतीचा प्रत्येक भाग हातात घेऊन तो आधी हसायचा. एअर फिल्टर उघडला तर आत काठोकाठ ज्वारी. त्याने मला विचारलं की, साहेब, ही गाडी हाय का कणगी? नव्या वायरी ओढल्या, बॅटरी आणली, टाकी धुतली. पहिल्यांदा जोडणी झाली तेव्हा हॉर्न दाबला की वायपर हलायचा आणि वायपर लावला की हॉर्न वाजायचा. भुजंगचं म्हणणं होतं की, पावसात दोन्ही लागतंयच, असू द्या. मी नको म्हणालो. चाकाखाली लिंबू ठेवायचं त्याच्या मनात होतं. आपल्याकडे ते नाही, असं सांगितल्यावर त्याने स्वतःच्या समाधानासाठी ते खिशात ठेवलं. नंतर ते सरजाबाईंनी काढून घेऊन पोह्यांवर पिळलं.

आणि परवा मनिषाच्या देखत त्याने किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली. काळा धूर निघाला, मग पांढरा, आणि मग, मामा, भाजक्या ज्वारीचा वास आला. सायलेन्सरच्या अंगाला कुठेतरी उंदरांनी साठवलेली तुमची ज्वारी राहिली होती, ती तापली. दोन-चार लाह्यासुद्धा खाली पडल्या. सगळ्या गल्लीत तो वास भरला. मनिषा पत्र्याला टेकून उभी होती. तिने तोंड फिरवलं.

भुजंग खाली उतरून म्हणाला, चला साहेब, काढा बाहेर. मी गाडीला वळसा घालून गेलो, दार उघडलं आणि बसलो. बसल्यावर लक्षात आलं की मी डावीकडे बसलो आहे. हातातली पिशवी मांडीवर घेतली होती. उजवीकडची जागा रिकामी, इंजिन चालू, आणि भुजंग काचेतून माझ्याकडे बघतोय. मला उतरता येईना.

मग मनिषा येऊन उजवीकडे बसली. नांदेडला स्कूटी चालवते. गाडी आईने थोडीफार शिकवली होती, तेवढीच. तिला सीट पुढेमागे करावी लागली नाही. पाय बरोबर पोचले. शेडमधून गेटबाहेर आणि गेटबाहेरून कोपऱ्यापर्यंत तिने गाडी पहिल्या गिअरमध्येच नेली. आपल्या गाडीला डावा आरसा नाही, हे तुम्हाला आठवत असेल. कोपऱ्यावर तिने गाडी थांबवली, आणि समोर बघतच विचारलं,

"पप्पा, डावीकडनं काही येतंय का?"

तिची आई प्रत्येक वळणावर हेच विचारायची. एवढी वर्षं गाडीत मला तेवढंच काम होतं. मी मान बाहेर काढून नीट बघितलं. एक शेळी होती, ती जाऊ दिली. मग सांगितलं की, मोकळं आहे, घे.

परत आल्यावर तिने भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. गाडी आता गेटबाहेर लिंबाखाली उभी असते. शेडचे पत्रे काल उतरवले. बाकी सगळं ठीक. मामींना आणि घरच्या सगळ्यांना जयभीम सांगावा.

तुमचा दाजी,
सिद्धोधन

ता.क. पिलं चांगली मोठी झाली होती, हे लिहायचं राहिलं. सरजाबाई विचारत होत्या की पिंगळीला एकदा जाऊन बघून यायचं का.

ता.क. मनिषा म्हणते की तिची हिंमत कोपऱ्यापर्यंतच आहे. तुमच्याकडे येणाऱ्या गंगाखेडच्या रस्त्याला ती गाडी घालणार नाही. मला राणीसावरगावला यायचं आहे. ज्वारीसाठी नाही. बहीण गेली तर दाजीने यायचं बंद करायचं, असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच गेलो नाही. पण गाडी तिथवर आणायची तर कुणी चालवणारा पाहिजे, आणि परक्या ड्रायव्हरला ती द्यायची माझी तयारी नाही. म्हणजे मी तुमच्याकडे यायचं असेल, तर आधी तुम्हालाच मला न्यायला यावं लागेल.

ता.क. ती गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात की, ती नसलेल्या घराचा उंबरा तुमच्याने ओलांडवणार नाही. मी ते मनात ठेवलेलं नाही. मलाही रोज तो ओलांडताना जड जातं. पण गाडी गेटबाहेर आहे, उंबरा मध्ये येत नाही. किल्ली सरजाबाईंकडे ठेवली आहे, म्हणजे घरात यायलाच नको. पुढच्या रविवारी सकाळी मी गाडीत बसलेला असेन.