आधी कल्हई, मग कुंकू

अब्बा, तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली आणि मी अजून तुमचाच धंदा करते, हे कळलं असतं तर तुम्ही आधी पोटभर हसला असता आणि मग विचारलं असतं, "आता कल्हई लावून घेतंय कोण?" भांड्यांना नाही लावत हो. वीज तयार करणाऱ्या गॅस टर्बाइनच्या पात्यांना लावते. ही पाती धगधगत्या वायूत गरगर फिरत असतात. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक एकत्र आलं, की तापलेल्या पात्यावर त्यांचा वितळलेला थर बसतो आणि चांगल्याचांगल्या धातूला खात सुटतो. पितळी भांड्यात ताक कळकतं ना, त्याचाच हा थोरला भाऊ. अशी पाती आमच्याकडे आली की जुना लेप काढायचा, बारीक खडीचा मारा करून अंग खरखरीत करायचं आणि ज्वाळेतून धातूची पूड फवारून नवा लेप चढवायचा. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लहानसाच आहे आणि तिथली तपासणी माझ्याकडे असते.

गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं चाचणीसाठी थोडी पाती पाठवली. पास झालो तर सगळं काम आमचं, नाहीतर पुन्हा पंपाचे दांडे घासत बसायचं. मालकांनी या कामासाठी नवं मशीन घेतलं होतं, तेव्हा सगळ्यांचाच जीव टांगणीला. पहिल्या खेपेला एका पात्याचा लेप सुटला. दुसऱ्या खेपेलाही एकाचाच. मालक म्हणाले पूड खराब, मशीनवाला म्हणाला गॅस कमी. मला मात्र भिंगातून पहिल्याच दिवशी कळलं होतं. खडीचा मारा झाला की मालक नारळ फोडायचे आणि एका पात्याला हळदकुंकू लावायचे. मशीनवाला ते फडक्यानं पुसून पातं चढवायचा. जिथं बोट टेकलं होतं, बरोबर तिथंच लेप उचलला होता. पण त्यांच्या कुंकवाला मुसलमान बाईनं नको म्हणायचं कसं, या धास्तीनं मी अहवालात 'कारण अस्पष्ट' लिहून मोकळी झाले. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कसा चालतो, तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरी खेप शेवटची होती. आदल्या दिवशी जेवताना तुमची राजारामपुरीतली ती दुपार आठवली. तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर भट्टी लावली आहे आणि मी डबा घेऊन आले आहे. एक काकू लग्नाघरचं पातेलं घेऊन येतात. तुम्ही ते घासून लख्ख करता, आणि भट्टीवर ठेवणार तोच काकू पुढं होऊन त्याला आतून कुंकवाची पाच बोटं ओढतात. तुम्ही पातेलं पुन्हा राखेत टाकता.

"काकू, आधी कल्हई, मग कुंकू. बोटाचं तेल कथलाला सोसत न्हाय."

"आवं, देवाचं हाय त्ये."

"देवाचाच निवद शिजायचा हाय की ह्यात. हिरवं धरलं तर देवाला बी बाधंल."

काकू पदर तोंडाला लावून हसतात आणि बाजूला बसून राहतात. भीडभाड तुम्हाला कधी नव्हतीच. तुमची ती जोरदार बोली तेव्हा मला नकोशी वाटायची, पण त्या दिवशी तिचा फार हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे दोन साहेब समोर उभे. मालकांनी करंडा उघडला आणि मी म्हटलं, "मालक, आधी लेप, मग कुंकू." लेप सुटलेल्या दोन्ही पात्यांवरचे डाग मी मालकांना भिंगातून दाखवले. मालकांनी निरखून पाहिलं आणि करंडा मिटला.

"मग दोन खेपा गप का बसला, ताई? देवाला घाई न्हाय, घाई मलाच हाय की." सगळे हसले, साहेबसुद्धा. पुढच्या तीन दिवसांच्या चाचण्यांत सगळी पाती पास झाली. लेप चढलेल्या पात्यांना मग सावकाश कुंकू लागलं आणि मी चार पेढे खाल्ले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. साहेबांनी त्या दिवशी विचारलं होतं, "मॅडम, हे शिकलात कुठं?" मी म्हणाले, "पुण्याला, कोर्समध्ये." कोर्समध्ये असलं काही शिकवलं नव्हतं. त्या कोटवाल्यांसमोर कल्हईवाल्याची लेक म्हणवून घ्यायला मी लाजले, अब्बा.