इस कुठं गेला?

सर, परवा मला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, इंग्रजी निष्ठेनं शिकवल्याबद्दल. शाल, नारळ आणि काचेचं एक जड स्मृतिचिन्ह, ज्याच्यावर माझं आडनाव चुकलंय. निवृत्तीच्या तोंडावर पुरस्कार मिळाला की कुणीतरी आपली समजूत काढतंय असं वाटतं, तरी मी खूश आहे, खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर तुमची आठवण झाली आणि तुम्हाला मिळता मिळता राहिलेला पुरस्कार आठवला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, पण लिहायला बसलेय.

ते दुष्काळाचं साल होतं. शाळेचे पत्रे वाऱ्यानं उडालेले, म्हणून आपला वर्ग सोसायटीच्या गोदामात भरायचा. आमचे आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आणि आम्ही मिलोच्या, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीच्या, पोत्यांना टेकून इंग्रजी शिकायला. खरं तर आम्ही दुपारी खायला मिळणाऱ्या सुकडीसाठी यायचो, इंग्रजी तिच्याबरोबर फुकट मिळायचं. तुम्ही नळदुर्गाहून एसटीनं यायचात आणि फाट्यापासून चालत. दारात आलात की आधी टोपी झटकायचात, मग रुमालानं फळा पुसायचात, मग त्याच रुमालानं तोंड. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला माणूस तुम्ही. तुमच्या तोंडी स्कूलचं इस्कूल, स्टूलचं इस्टूल, स्पेलिंगचं इस्पेलिंग. आमच्या घरी स्टोव्हला इस्टोच म्हणायचे, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते शाळेच्या अध्यक्षांना. त्यांचा भाचा सोलापुरात बी.ए. होऊन घरी बसला होता आणि त्याला चिकटवायला त्यांना इंग्रजीचे तास हवे होते. तेवढ्यात कळलं की चांगल्या इंग्रजी शिक्षकाला पुरस्कार द्यायचाय आणि त्यासाठी शिक्षण खात्याचे साहेब वर्ग बघायला येणार आहेत. तुम्ही आमच्यापासून काही लपवलं नाहीत. "पुरस्कार मिळाला तर माझं इंग्रजी कुणी काढत न्हाय. न्हाय मिळाला तर मला कवायत देणार म्हंतेत," म्हणालात आणि पोटावर हात ठेवलात. "आता तुमीच सांगा, ह्ये पोट घिऊन कवायत कशी घ्यायची?" आम्ही हसलो, पण मला तुमचंच इंग्रजी हवं होतं, त्या भाच्याचं नको.

मग सुरू झाली तयारी. "पुढचा इस काढायचा. आधी सापावानी स्स्स करा, मग टूल म्हणा." अख्खा वर्ग फुसफुसायला लागला. सोसायटीचे सेक्रेटरी काठी घेऊन धावत आले, पोत्यांमागं वाकून बघायला लागले. तुम्ही त्यांना समजावत होतात, "साप न्हाय हो, ग्रामर चाललंय," आणि ते म्हणत होते, "कुठल्या पोत्याखाली गेलंय?" त्यानंतर कुठंही इस दिसला की तुम्ही डस्टर आपटायचात आणि ओरडायचात, "इस काढ!" आम्हीही इतके तयार झालो की इस दिसला रे दिसला की काढून टाकायचो.

साहेब आले तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. साहेब खुर्चीत बसलेत, शेजारी अध्यक्ष, दारात इस्त्रीच्या कपड्यातला भाचा. साहेब स्टुलाकडं बोट करतात आणि मला विचारतात, "व्हॉट इज धिस?" मी उठते, छाती भरून स्स्स करते आणि म्हणते, "धिस अ स्टूल." स्टूल इतकं सुरेख येतं की तुमचे डोळे चमकतात. साहेब मात्र कान पुढं करतात. "धिस अ विंडो," माझी मैत्रीण म्हणते. "धिस अ बुक," मागचा वर्ग एकसुरात म्हणतो.

"अगं, पण मधला इज कुठं गेला?" साहेबांनी विचारलं.

आमच्या तोंडी तो इज कधी आलाच नव्हता, आम्ही त्यालाही इसच म्हणायचो. "सरांनी काढाय लावला," मी सांगितलं.

तुम्ही कपाळाला हात लावलात. अध्यक्ष खुलले. "बघितलं का सायेब, ह्ये असलं इंग्रजी!" साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "अध्यक्ष, पुरस्कार तर देता येणार न्हाई. पण ह्या माणसाचं इंग्रजीबी काढू नका. सगळी पोरं मिळून एकच चूक करतेत, म्हंजे सगळी यांचं ऐकतेत. आमच्या तिकडं ऑफिसात बरोबर सांगितलेलंबी कुणी ऐकत न्हाई." भाचा तसाच इस्त्रीसकट परत गेला.

मी फाट्यापर्यंत तुमच्या मागं रडत आले. माझ्यामुळं पुरस्कार गेला, मी म्हणाले. "अगे, गया तो गया," तुम्ही म्हणालात. "घरी जाऊन इस परत लाव. पण जिथं होता तिथंच. दुसरीकडं नक्को." आणि खिशातला अख्खा खडू माझ्या हातावर ठेवलात. त्या खडूनं मी घराच्या भिंतीवर, चुलीवर, पाण्याच्या रिकाम्या रांजणावर इस लिहीत सुटले. आईनं धपाटा घातला. मी इंग्रजीची शिक्षिका झाले ती तिथंच, सर. तुमच्या जागी तो भाचा आला असता तर मी आज कुठं असते कोण जाणे.

परवा स्टेजवर मी हे सगळं सांगितलं. सभागृह पोट धरून हसलं. शेवटी तुमचे आभार मानायचे होते, वाक्य घरी आरशासमोर घोटून घेतलं होतं. "दॅट मॅन वॉज माय..." म्हटलं आणि तोंडातून निघालं, "इस्कूल." टाळ्याच टाळ्या. एक तरुण शिक्षिका डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, सरांसाठी मुद्दाम तसं म्हणालात ना!" मी मान डोलावली. तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतेय की मुद्दाम म्हणाले.

तुम्हाला म्हणून सांगते, सर. आपसूक आलं.